“टेस्टेड” म्हणजे नक्की काय तपासलं? सप्लिमेंटची डबी वाचायला शिकूया

मावशीचा थायरॉइडचा रिपोर्ट आला तेव्हा घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. टीएसएच अगदी खाली गेलेलं, टी-४ चढलेलं. नुसता कागद पाहिला तर ग्रंथी बेफाम काम करतेय असंच कुणीही म्हणालं असतं. डॉक्टरांनी मात्र कागद बाजूला ठेवून मावशीकडे पाहिलं. वजन उतरलेलं नाही, हाताला कंप नाही, छातीत धडधड नाही, झोप व्यवस्थित. “कोणती औषधं चालू आहेत?” त्यांनी विचारलं. “काही नाही,” मावशी म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. पर्समध्ये केसांसाठीच्या गोळ्यांची डबी होती, पण तिच्या लेखी ते औषध नव्हतंच.

मग डॉक्टरांनी प्रश्न बदलला. “औषध सोडून आणखी काही? जीवनसत्त्वं, एखादी पावडर, केसांचं, त्वचेचं?” तेव्हा डबी बाहेर आली. लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: बायोटिन, १०,००० मायक्रोग्रॅम. त्याच्या पुढच्या रकान्यात रोजच्या गरजेचे टक्के दिले होते: ३३,३३३. प्रौढ माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास बायोटिन पुरतं. थायरॉइडच्या बऱ्याच चाचण्यांमध्ये रक्तातला हवा तो रेणू पकडून ठेवायला बायोटिनचाच चिकटपणा वापरतात. रक्तात आधीच बायोटिनचा पूर आला असेल तर यंत्र गोंधळतं आणि एक आकडा खोटा कमी, दुसरा खोटा जास्त दाखवतं. गोळी थांबवली, आठवड्यानं रक्त पुन्हा तपासलं. दोन्ही आकडे जागेवर आले होते.

त्या गोळीत भेसळ नव्हती. आत लिहिल्याइतकंच बायोटिन असावं आणि बायोटिन काही विष नव्हे. तरीही नसलेल्या आजाराचे उपचार मावशीला सुरू व्हायला फार काही उरलं नव्हतं. हा धोका फक्त थायरॉइडपुरता नाही. हृदयविकाराचा झटका ओळखायला ट्रोपोनिन नावाची चाचणी करतात. बायोटिनमुळे तिचा आकडा खोटा कमी येऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, २०१७ मध्ये दिला. त्यात एका रुग्णाच्या मृत्यूचाही उल्लेख होता.

तेव्हापासून “हे सप्लिमेंट सुरक्षित आहे का?” असं कुणी विचारलं की मला एका शब्दात उत्तर देता येत नाही. त्या एका प्रश्नात निदान तीन प्रश्न दडलेले असतात. लेबलवर लिहिलंय तेच डबीत आहे का? ते जे करतं म्हणतात ते खरंच करतं का, आणि माझ्यासारख्या माणसात करतं का? माझी इतर औषधं, आजार आणि तपासण्या यांच्याशी त्याचं पटतं का? एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही. डबीवरचे शिक्के, जाहिराती आणि ओळखीच्यांचे अनुभव नेमकी हीच गल्लत करायला लावतात.

## आधी प्रवेश, मग परीक्षा

सप्लिमेंट म्हणजे आहाराला जोड म्हणून घ्यायची गोळी, पावडर, द्रव किंवा चघळायची वडी. त्यात जीवनसत्त्वं, खनिजं, अमिनो आम्लं, वनस्पतींचे अर्क असं काहीही असू शकतं. दिसायला ते औषधासारखं असतं. बहुतेक देशांच्या कायद्यांत मात्र त्याची जागा औषधांपेक्षा अन्नाच्या जास्त जवळ आहे.

याचा परिणाम मोठा आहे. नव्या औषधाला आधी परीक्षा द्यावी लागते: माणसांवर चाचण्या, उपयोगाचा पुरावा, दुष्परिणामांची नोंद. उत्तीर्ण झालं तरच विक्रीला परवानगी मिळते. सप्लिमेंटला आधी प्रवेश मिळतो आणि तक्रारी आल्या की मग परीक्षा. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानं हे स्पष्टच केलं. सप्लिमेंट विकण्याआधी सरकारकडून मंजुरी घ्यावी लागत नाही. माल सुरक्षित ठेवायची जबाबदारी कंपनीची, आणि तो धोकादायक आहे हे दाखवायचं ओझं सरकारवर. देशादेशांत नियम वेगळे आहेत. कुठे नोंदणी लागते, कुठे घटकांची यादी ठरवून दिलेली असते. पण औषधाकडे मागतात तसा उपयोगाचा पुरावा सप्लिमेंटकडे विक्रीआधी सहसा मागितला जात नाही.

इफेड्रा ही वनस्पती याचं ठळक उदाहरण. वजन उतरवायला आणि खेळात जोर यावा म्हणून तिचा अर्क अमेरिकेत सर्रास विकला जात होता. हृदयविकार, पक्षाघात आणि मृत्यूंच्या तक्रारी वर्षानुवर्षं साचत गेल्या. बंदी आली ती २००४ मध्ये.

म्हणून एखाद्या सप्लिमेंटवर “एफडीएची मान्यता” असं लिहिलेलं दिसलं तर तिथेच थांबा. ही संस्था सप्लिमेंटना मान्यता देतच नाही. कारखान्याची नोंदणी झाली असेल, तर ती नोंदणी आहे, मालाची पसंती नव्हे.

लेबलवरची भाषाही नीट वाचायला हवी. “प्रतिकारशक्तीला साथ”, “सांध्यांच्या आरोग्यासाठी”, “स्मरणशक्ती राखण्यास साहाय्यक”. यात एकाही आजाराचं नाव नाही आणि ते मुद्दामच टाळलेलं असतं. आजार बरा करतो म्हटलं की औषधाचे नियम लागू होतात. “साथ देतो” म्हटलं की होत नाहीत. ती साथ किती, कशावरून आणि कुणाला, हे सांगायचं बंधन मग फारसं उरत नाही.

## डबीत काय आहे?

हा पहिला प्रश्न सर्वांत साधा, कारण त्याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळतं. ते कधी कधी हादरवणारं असतं.

२००८ मध्ये अमेरिकेत एका द्रव सप्लिमेंटमध्ये सेलेनियम लेबलवर लिहिल्याच्या २०० पट निघालं. दहा राज्यांतल्या २०१ जणांना त्याची बाधा झाली. केस गळाले, नखं ठिसूळ झाली, सांधे दुखू लागले. सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी थोडं. मिसळताना झालेली एक चूक एवढ्या लोकांना भोवली.

२०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी झोपेसाठीची मेलाटोनिनची ३१ उत्पादनं तपासली. कुठे लिहिल्यापेक्षा ८३ टक्के कमी मेलाटोनिन होतं, तर कुठे ४७८ टक्के जास्त. आठ उत्पादनांत सेरोटोनिन हे वेगळंच रसायन सापडलं आणि लेबलवर त्याचा पत्ता नव्हता.

ही झाली चूक किंवा हलगर्जी. काही ठिकाणी मुद्दाम भेसळ असते. २००७ ते २०१६ या काळात एफडीएनं ७७६ सप्लिमेंटमध्ये लपवलेली औषधी द्रव्यं असल्याचे इशारे दिले. त्यांतली बहुतेक तीन प्रकारची होती: लैंगिक क्षमता वाढवणारी, वजन उतरवणारी, स्नायू फुगवणारी. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. “आठवड्यात फरक” अशी हमी देणारं उत्पादन खरंच आठवड्यात फरक दाखवू लागलं, तर मला आनंद होण्याआधी आत काय घातलंय याची धास्ती वाटते.

माझ्या मनातून न जाणारी गोष्ट मात्र बेल्जियमची आहे. १९९० च्या सुमारास ब्रसेल्समधल्या एका क्लिनिकमध्ये वजन कमी करण्यासाठी स्त्रियांना चिनी वनस्पतींची पूड असलेल्या कॅप्सूल दिल्या जात. त्यात स्टेफानिया नावाची वनस्पती अपेक्षित होती. चिनी नाव हान फांग जी. तिच्या जागी आली ग्वांग फांग जी, म्हणजे ॲरिस्टोलोकिया. नावं भावंडांसारखी, वनस्पती मात्र पूर्णपणे वेगळ्या. ॲरिस्टोलोकियातलं आम्ल मूत्रपिंड जाळत जातं. शंभरच्या आसपास स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाली, कितीतरी जणी डायलिसिसवर गेल्या. पुढे कर्करोगाच्या भीतीनं ३९ जणींची निकामी मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या काढून तपासल्या, तेव्हा १८ जणींमध्ये कर्करोग आढळला. कॅप्सूल देणाऱ्याच्या मनात पाप नव्हतं, घेणाऱ्याचा विश्वास होता. पण पोत्यात नेमकं काय आलंय हे कुणी तपासलं नव्हतं.

याच भीतीवर उपाय म्हणून काही स्वतंत्र संस्था उत्पादनं तपासून शिक्का देतात. यूएसपी, एनएसएफ आणि खेळाडूंसाठी इन्फॉर्म्ड स्पोर्ट ही त्यांतली ओळखीची नावं. घटक तोच आहे का, लिहिल्याइतका आहे का, जड धातू किंवा जंतू मर्यादेत आहेत का, हे प्रामुख्यानं पाहिलं जातं. खेळाडूंच्या शिक्क्यांमध्ये बंदी असलेल्या द्रव्यांची तपासणीही येते. असा शिक्का असणं चांगलंच. फक्त तो कशाचा आहे ते विसरू नका. तराजूच्या वजनावरचा शिक्का सांगतो की किलो म्हणजे किलोच भरेल. पारड्यातला माल तुम्हाला पचेल की नाही, हे त्या शिक्क्याला कळत नाही. निरुपयोगी गोष्ट अगदी शुद्ध स्वरूपातही मिळू शकते.

शिक्का खरा आहे का हे त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच्या यादीत उत्पादनाचं पूर्ण नाव शोधून बघता येतं. डबीवर नुसतं “लॅब टेस्टेड” लिहिलं असेल आणि कुठली लॅब, काय टेस्ट केलं हे नसेल, तर ते वाक्य कोरंच समजा.

## मागची बाजू वाचताना

डबीच्या पुढच्या बाजूला जाहिरात असते, मागच्या बाजूला माहिती. तिथे तीनचार ठिकाणी डोळा फसतो.

पहिली जागा म्हणजे मात्रा. आकडे एका गोळीचे आहेत की एका ‘सर्व्हिंग’चे? सर्व्हिंग म्हणजे एका वेळी घ्यायचं प्रमाण, आणि ते तीन गोळ्यांचंही असू शकतं.

दुसरी जागा क्षार आणि मूळ धातू. ३२५ मिलिग्रॅमच्या फेरस सल्फेटच्या गोळीत प्रत्यक्ष लोह असतं सुमारे ६५ मिलिग्रॅम. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये कॅल्शियम ४० टक्के, कॅल्शियम सायट्रेटमध्ये २१ टक्के. नारळाच्या वजनात करवंटी आणि पाणीही येतं, खोबरं त्यातला एक भाग, तसंच हे. तुलना करायची तर खोबऱ्याची करा.

तिसरी जागा एककं. ‘ड’ जीवनसत्त्व कुठे मायक्रोग्रॅममध्ये लिहितात, कुठे आययूमध्ये. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू. हे माहीत नसेल तर दोन डब्यांमधला फरक भलताच मोठा किंवा छोटा वाटतो.

आणि “प्रोप्रायटरी ब्लेंड”. बारा वनस्पतींची नावं, सगळ्यांचं मिळून एकच वजन. कोणती किती, ते गुलदस्त्यात. मला ही मांडणी मुळीच पटत नाही. प्रत्येक घटकाची मात्रा कळल्याशिवाय संशोधनातल्या मात्रेशी ताडून पाहणं अशक्य होतं, मग “संशोधनावर आधारित” या शब्दांना अर्थच राहत नाही.

रोजच्या गरजेचे टक्के हाही रकाना वाचा. १०० च्या आसपासचा आकडा समजण्यासारखा आहे. हजारोंमध्ये गेला तर तो आकडा कुठल्या कारणासाठी हवा आहे, हा प्रश्न विचारायलाच हवा.

## “संशोधनानं सिद्ध” म्हणजे काय सिद्ध?

आता दुसरा प्रश्न, आणि हा सगळ्यांत अवघड. इथे थोडं थांबून समजून घेऊया.

ज्या घरांत पुस्तकं जास्त त्या घरांतली मुलं अभ्यासात पुढे असतात, असं दिसलं समजा. म्हणून एखाद्या घरात पुस्तकांचा गठ्ठा नेऊन टाकला तर मुलं पुढे जातील का? कदाचित नाही. पुस्तकं घेणारे आईवडील मुलांना वेळ देत असतील, त्यांच्याकडे पैसाही असेल. पुस्तकं ही खूण होती, कारण दुसरंच होतं. लोकांच्या सवयी नोंदवून काढलेल्या निष्कर्षांचा, म्हणजे निरीक्षणात्मक अभ्यासांचा, हाच दुबळेपणा असतो. जीवनसत्त्वं घेणारी माणसं अनेकदा व्यायामही करतात, धूम्रपान कमी करतात, डॉक्टरांकडे वेळेवर जातात.

यावरचा तोडगा म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी. माणसांचे दोन गट पाडायचे, कोण कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठीवर सोडायचं. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी. कुणाला काय मिळतंय हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. मग वाट पाहायची.

बीटा-कॅरोटिनची गोष्ट हे का लागतं ते दाखवते. शरीर त्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं. ज्यांच्या आहारात आणि रक्तात ते जास्त, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असं अनेक अभ्यासांत दिसलं होतं. तर्कही सरळ होता. मग फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. अनेकांना हे खरं वाटेना. त्याच वेळी अमेरिकेत धूम्रपान करणारे, पूर्वी करणारे आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले अशा १८,३१४ जणांवर दुसरी चाचणी चालू होती. तिथे बीटा-कॅरोटिनसोबत ‘अ’ जीवनसत्त्वही देत होते. तीही जानेवारी १९९६ मध्ये ठरल्या वेळेच्या २१ महिने आधी थांबवावी लागली, कारण कर्करोग २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त दिसले.

चिठ्ठ्या टाकल्या नसत्या तर आजही ती गोळी धूम्रपान करणाऱ्यांना प्रेमानं दिली गेली असती. मला हे वाचून दर वेळी अंगावर काटा येतो.

आता उलट बाजू. गर्भातल्या बाळाच्या मेंदू आणि मणक्याच्या जन्मजात दोषांवर फॉलिक आम्लाचा उपयोग होतो का, हे पाहायला ७ देशांतल्या ३३ केंद्रांत चाचणी झाली. आधीच्या गरोदरपणात असा दोष आढळलेल्या १,८१७ स्त्रिया त्यात होत्या. १९९१ मध्ये निकाल आला: फॉलिक आम्ल घेणाऱ्यांमध्ये हा दोष पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला. पद्धत तीच, उत्तर मात्र ठामपणे “होय”. म्हणून सप्लिमेंटवर प्रश्न विचारणं म्हणजे सप्लिमेंटविरुद्ध असणं नव्हे.

पुराव्यात आणखी दोन जागी पाय घसरतो. एक म्हणजे रिपोर्टमधला आकडा सुधारला की माणूस सुधारला असं मानणं. रक्तात होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल जास्त असणाऱ्यांना हृदयविकार जास्त दिसत. फॉलिक आम्ल, बी-६ आणि बी-१२ दिल्यावर होमोसिस्टीन खरंच उतरलं. पण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५,५२२ जणांच्या चाचणीत हृदयविकाराच्या मोठ्या घटना त्यामुळे फारशा कमी झाल्या नाहीत. तापमापक थंड पाण्यात बुडवला की पारा उतरतो, ताप उतरत नाही.

दुसरी जागा म्हणजे चाचणी कुणावर झाली. भरलेल्या घागरीत कितीही पाणी ओता, ते बाहेरच सांडणार. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत २५,८७१ जण होते, बहुतेकांना मुळात त्याची मोठी कमतरता नव्हती. पाचएक वर्षांनी कर्करोग किंवा हृदयविकार होण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं नाही. याचा अर्थ खरी कमतरता असलेल्यानं उपचार घेऊ नयेत असा कुणी काढला तर ती घोडचूक ठरेल. रिकाम्या घागरीची गोष्ट वेगळी.

म्हणून कुणी “यावर संशोधन झालंय” म्हटलं की मी एवढंच बघते: ते काचेच्या बशीतल्या पेशींवर झालं, उंदरांवर की माणसांवर? माणसांवर असेल तर माझ्यासारख्या? किती मात्रा, किती महिने? शेवटी काय मोजलं, आणि पैसे कुणी दिले? उत्पादकानं पैसे दिले म्हणून निकाल खोटाच असं नाही, पण मग तोच निकाल दुसऱ्या कुणाला मिळाला का, हे पाहावं लागतं.

हे सगळं स्वतः खोदत बसायची गरज नसते. कॉक्रेन ही संस्था एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तोलून आढावे काढते आणि त्यांचे सोप्या भाषेतले सारांश फुकट वाचता येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत आहार-सप्लिमेंटचं एक स्वतंत्र कार्यालय आहे. प्रत्येक जीवनसत्त्वावर आणि खनिजावर त्यांची माहितीपत्रकं आहेत, त्यात वरची सुरक्षित मर्यादाही दिलेली असते. यकृतावरच्या परिणामांसाठी लिव्हरटॉक्स नावाचा खुला संग्रह आहे. घटकाचं नाव टाकलं की काय काय नोंदलं गेलंय ते दिसतं.

## “पण नैसर्गिक आहे ना?”

ॲरिस्टोलोकियाही नैसर्गिकच होती. वनस्पती आपल्या रक्षणासाठी रसायनं बनवतात, आणि आपण अर्क काढतो तेव्हा ती एकवटतात.

हिरवा चहा पिणं आणि त्याच्या अर्काची गोळी घेणं यातला फरक पाहा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलं की पेय म्हणून हा चहा सर्वसाधारणपणे सुरक्षित आहे. पण त्यातलं ईजीसीजी हे द्रव्य गोळ्यांमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेलं तर यकृताला ताण पडल्याच्या खुणा रक्तात दिसतात. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या जाळ्यात जवळपास २० टक्के रुग्ण वनस्पतिजन्य आणि इतर सप्लिमेंटमुळे आलेले आढळले आहेत.

तिसरा प्रश्न, म्हणजे इतर औषधांशी पटतं का, इथेच जास्त टोचतो. मन उदास असताना घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती यकृतातली औषधं मोडून टाकणारी यंत्रणा जोरात चालवते. मग दुसरी औषधं वेळेआधीच रक्तातून नाहीशी होतात. हृदयाचं प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांमध्ये सायक्लोस्पोरिनचा, म्हणजे शरीरानं नवा अवयव नाकारू नये म्हणून देतात त्या औषधाचा, असर असाच उतरला आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं. हे २००० मध्ये प्रसिद्ध झालं. गर्भनिरोधक गोळ्यांचाही असर ती कमी करू शकते. ‘के’ जीवनसत्त्व वॉरफॅरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाच्या आड येतं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह एकत्र घेतलं तर गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून मध्ये चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात.

## “जास्तीचं लघवीवाटे निघून जातं”

पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांबद्दल हे नेहमी ऐकू येतं. मावशीच्या बायोटिननं जाता जाता काय केलं ते आपण पाहिलं. बी-६ सुद्धा पाण्यात विरघळतं, तरी मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यावर नसांना इजा होते, हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. अमेरिकेत त्याची वरची मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅम आहे. युरोपच्या संस्थेनं २०२३ मध्ये ती १२ वर आणली. जीवनसत्त्व तेच, माणसाचं शरीर तेच आणि मर्यादेत आठपट अंतर. मी सावध बाजूचा आकडा धरते.

चरबीत विरघळणारी तर साठतच जातात. ‘अ’ जीवनसत्त्व तयार स्वरूपात गरोदरपणात जास्त गेलं तर बाळात व्यंग येऊ शकतं. आणि लोहाच्या गोळ्या घरात असतील तर त्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशाच ठेवायच्या. मूठभर गोळ्यांनी मूल दगावू शकतं.

## “मला तर फरक पडला”

असं म्हणणाऱ्याला खोटं ठरवायचं माझ्या मनात नाही. फरक पडला असेल. तो कशामुळे पडला, एवढाच प्रश्न आहे. आपण गोळी सुरू करतो ती त्रास शिगेला पोचल्यावर, आणि शिगेला पोचलेलं बरंचसं आपोआप उतरतं. गोळीबरोबर झोप सुधारलेली असते, चालणं सुरू केलेलं असतं. आशेनंही दुखणं हलकं होतं. तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं असेल आणि ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं नसेल, तर महिनाभर थांबवून रोज दोन ओळी लिहून ठेवा. एका माणसाच्या वहीतून शास्त्र सिद्ध होत नाही, पण स्वतःची फसगत कमी होते.

डॉक्टरांनी लिहून दिलेलं लोह, फॉलिक आम्ल, बी-१२ किंवा ‘ड’ हा लेख वाचून बंद करू नका. त्यांना विचारा: कशासाठी, किती दिवस, आणि पुन्हा तपासणी कधी? तीन महिन्यांसाठी दिलेली गोळी तीन वर्षं चालू राहते ती बहुधा हे न विचारल्यामुळे.

## मग घ्यावं तरी कुणी?

प्राणिजन्य काहीच न खाणाऱ्यांना बी-१२ बाहेरून घ्यावंच लागतं. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीला फॉलिक आम्ल, आणि तेही आधीपासून, कारण मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. तपासणीत लोह कमी असलेल्याला लोह. वयोमानानं होणाऱ्या डोळ्यांच्या मॅक्युलाच्या, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाच्या, झिजेत, आजार मधल्या टप्प्यावर पोचलेल्यांना ठरावीक जीवनसत्त्वं आणि जस्त यांचं एक मिश्रण उपयोगी पडतं हे मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. निरोगी डोळ्यांच्या माणसानं ते घेऊन उपयोग नाही.

या प्रत्येक ओळीत माणूस ठरलेला आहे, घटक ठरलेला आहे, कारण ठरलेलं आहे. “सगळ्यांसाठी, रोज, एकंदर तब्येतीसाठी” या वर्णनात बसणारं एकही सप्लिमेंट मला या यादीत घालता आलं नाही.

## काही बिघडलं तर

नवीन डबी सुरू केल्यावर डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगावर पुरळ उठलं, विनाकारण थकवा आला, तर गोळी थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. डबी टाकून देऊ नका. बॅच क्रमांक तिच्यावर असतो आणि उरलेल्या गोळ्या तपासता येतात. आपापल्या देशात अशा तक्रारी नोंदवायची जी सोय असेल तिथे नोंदवा, डॉक्टरांनाही नोंदवायला सांगा. विक्रीआधी परीक्षा झालेली नसते, त्यामुळे या तक्रारींवरच पुढचं सगळं उभं राहतं.

रक्ततपासणीला जाताना डब्यांचे मागच्या बाजूचे फोटो जवळ ठेवा. “औषध कोणतं घेता?” या प्रश्नाच्या उत्तरात तेही दाखवा.

१९८९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉक्टरांकडे तीन स्त्रिया एका विचित्र आजारानं आल्या. स्नायूंमध्ये असह्य कळा, आणि रक्तात एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी कितीतरी वाढलेल्या. निदान होईना. डॉक्टरांनी आपापसांत टिपणं ताडून पाहिली तेव्हा एक नाव तिघींच्याही माहितीत सापडलं: एल-ट्रिप्टोफॅन, आपल्या रोजच्या अन्नातही असणारं एक अमिनो आम्ल. तिघी ते सप्लिमेंट म्हणून घेत होत्या. पुढच्या काही महिन्यांत देशभरात असे १,५०० हून जास्त रुग्ण सापडले, तीसहून अधिक जण दगावले, आणि धागा एकाच उत्पादकाच्या मालापर्यंत पोचला. त्या तिघींनी काय घेतो ते डॉक्टरांना सांगितलं होतं.